उसन्या ताटाचा वीर

मित्रांनो, मी बाजाची पेटी. जुनी म्हणालात तर चालेल, वय झालंय माझं. पण भंगार म्हणालात तर भाता फुगवून बसेन, आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म मुंबईचा. डोंगरीजवळच्या एका बोळात दामू मिस्त्री पेट्या बनवायचे. त्यांनी मला सागवानाचं अंग दिलं, कातड्याच्या घड्यांचा भाता दिला आणि पितळेचे सूर बसवले. एकेक सूर कानशीने घासायचे, कानाला लावायचे, पुन्हा घासायचे. त्यांची बायको आतून ओरडायची, "ती पेटी काय भाकरी वाढणार आहे तुम्हाला?" भाकरी मी वाढली नाही, खरं आहे. पण दामू मिस्त्रींचा हात चांगला होता, त्याची साक्ष मी अजून देते.

मला एका बाईंनी कीर्तनासाठी नेलं. कीर्तन म्हटलं की तुम्हाला वीणा आणि फेटेवाले बुवा आठवतील. आमचं कीर्तन वेगळं. आमची माणसं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. त्यांचं कीर्तन मराठीतच, चाली साकी-दिंडीच्याच, आख्यानं मात्र मोशेची, योसेफाची, दावीद राजाची. त्या बाई गेल्या आणि मी त्यांच्या भाचीकडे आले. तिचं नाव शुलामित थळकर. माझी खरी मालकीण तीच.

शुलामितबाई अंगाने काडी, आवाजाने मात्र नगारा. ती आख्यानाला उभी राहिली की पुढच्या रांगेतली पोरं आपोआप मांडी घालून बसायची. योसेफाला भाऊ विहिरीत ढकलतात तो भाग आला की बायका डोळे पुसायच्या, आणि मग हीच म्हणायची, "रडताय कशाला गो? पुढे तो मोठा साहेब होणार आहे!"

एकोणीसशे पासष्ट साली शुलामितबाई, तिचे यजमान बेझालेल आणि सहा वर्षांची झिवा विमानाने इस्राएलला निघाली. मी विमानात मावले नाही. मला पितळी पातेली, खवणी आणि शेवयांच्या साच्याबरोबर लाकडी खोक्यात घातलं, वर खिळे ठोकले आणि बोटीवर चढवलं. मित्रांनो, अंधारात, बंद खोक्यात, खाली समुद्र ढवळतोय आणि आपण कुठे चाललोय हे ठाऊक नाही, हे काय असतं ते मला विचारा. खोक्यात पाणी शिरलं. माझ्या अगदी डावीकडच्या, खर्जाच्या सुरावर हिरवा गंज चढला. तेव्हापासून ती पट्टी गात नाही, अडलेल्या म्हशीसारखी हंबरते.

इस्राएलमधल्या अश्दोद बंदराच्या गावी शुलामितबाईने खोकं उघडलं, ती पट्टी दाबली आणि मटकन खाली बसली. मग म्हणाली, "जाऊ दे. जिवंत आलीस ना? बाकी बघू."

चौथ्या मजल्यावरचं घर. जिना चढताना माणसाचा भाता माझ्यापेक्षा जोरात चालायचा. खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसत, त्यातल्या एकीवर बेझालेल काम करत. शुलामितबाई शिवणकामाच्या कारखान्यात दिवसभर पँटींना खिसे लावायची आणि संध्याकाळी मला पुसायची. पहिली काही वर्षं काय सांगू! सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराच्या, हॉलमध्ये कीर्तन असलं की लोक खुर्च्या घरून आणत. गावची, मुंबईची आठवण काढून पोटभर रडत आणि मग पोटभर हसत.

मग घरोघरी टेलिव्हिजन आला. मग त्र्याहत्तरची लढाई झाली, त्या वर्षी कुणाच्याच घशातून गाणं निघेना. पुढे लढाई संपली, पण लोक कीर्तनाला परतले नाहीत. पोरं मोठी झाली आणि हिब्रूत बोलू लागली. झिवाला आईने मराठीत हाक मारली की ती हिब्रूत उत्तर द्यायची, "रेगा, इमा!" म्हणजे थांब, आई. थांबता थांबता मी कपाटावर गेले. माझ्या डोक्यावर लिंबाच्या लोणच्याची बरणी बसली. गल्लीत जुन्या वस्तू घेणारा 'आल्टे झाखेन' ओरडत यायचा, तेव्हा बेझालेल एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "देऊन टाकूया का?"

"आधी तुम्हाला देईन, मग पेटीला," शुलामितबाई म्हणाली. बरणीखाली असले तरी मला हसू आलं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात गोष्ट हातघाईवर आली. त्या वर्षी मला न घेता नुसत्या झांजेवर झालेल्या कीर्तनाला अकरा माणसं आली होती, त्यातली दोन झोपली होती. सिनेगॉगचे मुकादम होते मोर्देखाय चेऊलकर. मुकादम म्हणजे तिथला कारभार पाहणारे. माणूस सरळ, पण शब्द पट्टीने आखल्यासारखे. ते जिन्यावर भेटले आणि म्हणाले, "शुलामितबाई, कमिटीचं ठरलंय. आता शेवटचा एक प्रोग्राम घ्या. त्याला तरुण मंडळी आली आणि बसली, तर पुढचं बघू. नाही तर त्या दिवशी हॉलमध्ये आम्ही सिनेमा दाखवू. राग मानू नका."

शुलामितबाईने राग मानला नाही. घरात येऊन तिने माझ्यावरची बरणी उचलली आणि जागा पुसून पुन्हा तिथेच ठेवली. त्या रात्री ती जेवली नाही. तिच्या मागे कीर्तन करणारं कुणी नव्हतं आणि तिच्या पुढे ऐकणारंही कुणी उरलं नव्हतं. मला तिची फार कीव आली, आणि थोडी स्वतःचीही.

झिवा तेव्हा एकोणीस वर्षांची, सैन्यात होती. बंदूकबिंदूक नाही हो, नेतिवोत नावाच्या दक्षिणेतल्या गावी तिला शिक्षिका म्हणून पाठवलं होतं. सुट्टीला घरी आली की वह्या पसरून बसायची. एका बुधवारी ती स्वयंपाकघरात हिब्रू पुस्तकातून मोठ्याने वाचत होती. ग्रीकांच्या जुन्या वीरकथा वर्गात सांगायच्या होत्या आणि पोरं जांभया देत होती. शुलामितबाई नारळ खवत होती. वाचता वाचता झिवा एका राजाच्या गोष्टीशी आली. आपला नातू आपल्याला मारणार, असं भविष्य ऐकून त्या राजाने पोटच्या मुलीला तान्ह्या बाळासकट संदुकात घातलं आणि समुद्रात सोडून दिलं.

खवणी थांबली. "हे असं वाचतात?" शुलामितबाई म्हणाली. "मेल्यांनी बाळ समुद्रात टाकलंय, आणि तू टोमॅटोचा भाव सांगितल्यासारखी वाचतेस!"

"इमा, दय," झिवा म्हणाली, म्हणजे पुरे.

"पुरे काय? पुढे सांग. वाचलं का बाळ?"

झिवाने अर्धं हिब्रूत, अर्धं मोडक्या मराठीत सांगितलं. संदूक एका बेटाला लागलं. एका कोळ्याने जाळं टाकून ते ओढलं. बाळाचं नाव पर्सियस. तो मोठा झाल्यावर त्या बेटाच्या दुष्ट राजाने त्याला मेडूसाचं डोकं आणायला पाठवलं. मेडूसा म्हणजे केसांच्या जागी साप असलेली बाई, तिच्याकडे बघेल तो दगड होई. परत येताना त्याने खडकाला बांधलेली एक राजकन्या समुद्रातल्या अजस्र जनावराच्या तोंडून सोडवली. "आणि इमा, तो खडक याफोला आहे म्हणतात. इथून बसने जाता येतं."

"याफोला? आपल्या याफोला?" शुलामितबाईने हातातली खवणी खाली ठेवली. "अगं, मग हा परश्या आपल्या शेजारचाच की!"

तिथेच पर्सियसचा परश्या झाला. शुलामितबाईने लोणच्याची बरणी उतरवली, मला खाली घेतलं आणि भाता सोडला. पाच वर्षांची धूळ माझ्या तोंडातून बाहेर पडली, झिवा शिंकली. दुसऱ्याच दिवशी सिनेगॉगच्या फळ्यावर शुलामितबाईने मोठ्या अक्षरांत लिहिलं: हनुक्क्याच्या पाचव्या दिवशी कीर्तन, आख्यान वीर पर्सियस.

संध्याकाळी मुकादम चार मजले चढून आले. दारात धापा टाकत उभे राहिले. "शुलामितबाई, हनुक्का आपण कशासाठी करतो?"

"दिवे लावायला."

"आणि दिवे कशासाठी लावतो? यवनांनी, त्या ग्रीकांनी, आपलं पवित्र मंदिर बाटवलं, आपल्या वीरांनी त्यांना हाकललं, म्हणून! आणि त्याच दिवशी तुम्ही यवनांचाच वीर नाचवणार?"

शुलामितबाईने तोंडावर हात मारला. "अगबाई! माझ्या ध्यानीमनी नाही हो!" आणि खरंच नव्हतं, मी साक्ष देते. तिच्या लेखी यवन म्हणजे हत्तींवरून आलेली दुष्ट फौज. संदुकातलं बाळ तिला कुठल्याच देशाचं वाटलं नव्हतं. बेझालेल वर्तमानपत्रामागे हसत होते, त्यांचं पोट हलताना मला दिसलं.

"फळा पुसा," मुकादम म्हणाले. "आणि कीर्तन राहू द्या आता."

शुलामितबाई भांडली नाही. म्हणाली, "पुसते. पण चहा घ्या, आणि गोष्टीचं पहिलं पान तेवढं ऐका. मग तुम्ही म्हणाल तसं." तिने मला पुढे ओढलं. उभी राहिली नाही, जमिनीवरच बसून तिने हळू आवाजात संदूक समुद्रात सोडलं. आई बाळाला सांगते, तू झोप, समुद्रा तूही झोप. मी खोक्यात काय काय ऐकलं होतं ते सगळं त्या साकीत ओतलं. पाणी, लाकडाची करकर, अंधार. मग कोळ्याचं जाळं, मग वाळू. कोळी झाकण उघडतो.

"जिवंत होती?" मुकादमांनी विचारलं. चहा त्यांच्या हातात तसाच होता.

"दोघंही."

मुकादम मूळचे कोकणातल्या नवगावच्या बाजूचे. बेने इस्राएलांच्या घरात पाळण्यापासून एकच गोष्ट सांगतात: फार वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका जिवंत बाहेर आल्या, गावकऱ्यांनी थारा दिला, आणि त्यांच्यापासून आपण सगळे झालो. मुकादमांनी चहा एका दमात संपवला.

"हनुक्क्याला नाही म्हणजे नाही," ते म्हणाले. "झाडांच्या सणाला, तू बिश्वातला, करा. एलियाहू हन्नाबीचा मलिदा असतो, लोकही येतात. पण त्यांचे देवबिव काही मध्ये आणायचे नाहीत. एकसुद्धा."

ते गेल्यावर झिवाने डोकं धरलं. पुस्तकात तर सगळं देवच देत होते. उडण्याच्या चपला, अदृश्य होण्याची टोपी, धारदार कोयता, आरशासारखी ढाल. "देव काढले तर त्याला देणार कोण?"

"शेजारी कशाला असतात?" शुलामितबाई म्हणाली. "आपण आलो तेव्हा चमचासुद्धा नव्हता घरात. पलंग कुणी दिला? स्टोव्ह कुणी दिला?"

मला दुरुस्तीला नेलं हाइमकडे. हा रुमानियाचा माणूस अकॉर्डियन नीट करायचा. मला उघडून त्याने डोकं खाजवलं आणि हिब्रूत म्हणाला, "हे तर आडवं निजलेलं अकॉर्डियन!" पण हात दामू मिस्त्रींसारखाच, सुराला कान लावणारा. त्याने भात्याची भोकं बुजवली, सूर घासले. खर्जाच्या हंबरणाऱ्या पट्टीकडे वळला तेव्हा शुलामितबाईने त्याचा हात धरला. "तिला नका हात लावू. तिचं काम आहे."

तू बिश्वातचा दिवस आला. हॉलमध्ये एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाचा मलिदा मांडला होता: गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, आणि हे सगळं मुकादमांच्या आईच्या पितळी ताटात. ते ताट कोकणातून आलेलं, वर्षातून एकदाच बाहेर निघायचं आणि मुकादमांशिवाय त्याला कुणी हात लावायचं नाही. प्रार्थना झाली, मलिदा वाटला. म्हातारी मंडळी पुढे बसली. तरुण पोरंपोरी दाराशी सूर्यफुलाच्या बिया फोडत उभी, एक पाय आत, एक बाहेर. झिवा माझ्याशेजारी झांज घेऊन बसली होती. रजा काढून आली होती, पण डोळे सारखे घड्याळाकडे. माझ्या पट्ट्यांवर शुलामितबाईची बोटं गार पडली होती.

सुरुवात झाली. संदूक समुद्रात गेलं आणि पुढच्या रांगेत नाकं ओढल्याचे आवाज आले. दाराशी मात्र कुजबूज. "मा? मा हि अमरा?" काय म्हणाली ती? एक जोडी निघालीसुद्धा. शुलामितबाईचा आवाज अडखळला. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा अडखळताना ऐकला आणि माझा भाताच बसला.

तेवढ्यात झिवाने झांज खाली ठेवली आणि उठली. आधीचं सगळं तिने हिब्रूत सांगितलं, भराभर, हातवारे करून, अगदी आईसारखी मान वाकडी करून. ती शिकवत नव्हती, सांगत होती. सांगून झाल्यावर आईकडे वळली, "अख्शाव अत." आता तू.

मग दोघींनी आख्यान वाटून घेतलं. आई मराठीत एक कडवं, लेक हिब्रूत एक तुकडा. परश्या दारोदार फिरतो. एक शेजारीण चपला देते, एक म्हातारा टोपी देतो, कोळी कोयता देतो. "पण मेडूसाकडे सरळ बघायचं नाही, आरशात बघायचं. आता आरसा कुठला आणू?" असं म्हणत शुलामितबाई वळली आणि तिने मलिद्याचं रिकामं ताट उचललं. मुकादम अर्धे उठले. ती तोवर ताट तोंडासमोर धरून उलट्या पावलांनी चालू लागली होती. "केसांत साप गो बाई! हिला तेल लावायला कोण धजणार!" दाराशी हशा पिकला. निघालेली जोडी परत आली.

आणि मग याफोचा खडक. बांधलेली राजकन्या. समुद्र फुगतोय, काळं काहीतरी वर येतंय. शुलामितबाईने माझी डावीकडची ती पट्टी दाबली.

मित्रांनो, चौदा वर्षं जिची मला लाज वाटायची, ती पट्टी त्या दिवशी अशी हंबरली की पुढच्या रांगेतल्या दोन पोरी किंचाळून आज्यांच्या मांडीत शिरल्या. पाच वर्षं लोणच्याखाली काढलेलं सगळं दुःख मी त्यात घातलं. जनावर मेलं तेव्हा पुढची म्हातारी मंडळी उभी राहून टाळ्या वाजवत होती, दाराशी कुणीच नव्हतं. तरुण मंडळी आत आली होती आणि जमिनीवर बसली होती.

"राजकन्या सुटली, परश्या घरी आला," शुलामितबाई म्हणाली. "पण वीर अजून झाला नव्हता. जनावर काय, कुणीही मारील. परश्याने आधी चपला शेजारणीला दिल्या, टोपी म्हाताऱ्याला दिली, कोयता कोळ्याला दिला. ज्याचं त्याला पोचवलं आणि मग जेवायला बसला. याला म्हणतात वीर."

मागून मुकादमांचा आवाज आला, "आणि ताट?"

शुलामितबाईने पदराने ताट पुसलं, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं. "हे घ्या. तेही दिलं." हॉल हसून हसून लोटपोट झाला. मुकादमही हसले. ताट घेताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पुढचा वीर कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी झिवा नेतिवोतला निघाली. शुलामितबाईने मला जुन्या चादरीत बांधलं आणि तिच्या हातात दिलं. "घेऊन जा, तुझ्या पोरांना हंबरून दाखव. पण उसनी देतेय हां. शुक्रवारी परत आण."

नेतिवोतच्या पोरांनी माझं काय काय केलं ते विचारू नका. आख्यान चाललंय तोवर मात्र एकानेही जांभई दिली नाही. मराठीतलं ओ की ठो कळत नसताना ती 'समुद्रा तूही झोप' सुरात म्हणायला शिकली. त्या शुक्रवारी पाऊस होता, बस उशिरा निघाली. झिवा मला मांडीवर धरून बसली होती आणि दर थांब्याला घड्याळ बघत होती. शब्बाथ, म्हणजे आमचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळताच लागतो, आणि त्याचे दिवे लावायची वेळ होत आली. एकदा दिवे लागले की ना बस, ना बाजा. इकडे घरी, हे मला मागून कळलं, शुलामितबाई खिडकीत उभी होती, काडेपेटी हातात घेऊन. बेझालेल म्हणाले, "राहिली असेल तिकडेच. पोरांना कुठे लक्षात राहतं?"

जिन्यावर बूट वाजले. चार मजले, मला कवटाळून, धावत. झिवाने दार ढकललं, चिंब भिजलेली. चादर मात्र आतून कोरडी होती, तिने आपला सैन्याचा कोट माझ्यावर गुंडाळला होता. जी मुलगी वर्षानुवर्षं आईला हिब्रूत उत्तर द्यायची, ती दारातच मराठीत म्हणाली, "घे आई. परत आणली."

शुलामितबाईने मला घेतलं नाही. आधी तिने लेकीला पोटाशी धरलं, मग दिवे लावले. मी दाराशी, चादरीत, दोघींच्या पायांजवळ होते, आणि मला काही कमी नव्हतं.

आता सात वर्षं झाली. कपाटावर लोणच्याची बरणी एकटीच असते. झिवा अजून नेतिवोतलाच शिकवते, दर रविवारी मला उसनी नेते, दर शुक्रवारी परत आणते. तू बिश्वातला दोघी मिळून आख्यान लावतात, मुकादम ताट स्वतः घासून आणतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी कपाटावर बसलेलं असेल. डोक्यावरची बरणी तेवढी उतरवा. हंबरलं तर घाबरू नका, त्याचंही काम कुठेतरी असतं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून एखादी गोष्ट उसनी मागून न्या, चार पोरांना सांगा, आणि शुक्रवारी दिवे लावायच्या आत घरी परत घेऊन या. तिथे खिडकीत कुणीतरी उभं असतं.